गिझर घेण्याआधी

ती. ताईस,


टेमघरच्या नव्या घरासाठी गिझर बघते आहेस आणि दुकानदार मोठ्यात मोठी टाकी गळ्यात मारतोय, असं फोनवर म्हणालीस. माझं ऐकशील तर आधी घरातल्या बादल्या मोज. लिटर किती, ते त्यावरून ठरेल.

आपल्याकडे नळाचं पाणी 25 अंशांच्या आसपास असतं आणि आंघोळीला 40 अंश पुरेत. 15 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापवून त्यात थंड मिसळलं की 35 लिटर, म्हणजे दोन बादल्या होतात. 25 लिटरच्या टाकीत तीन. एका बादलीला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं, मग गिझर टाकीचा असो वा इन्स्टंट. इन्स्टंटमध्ये वाचते ती फक्त गरम पाणी टाकीत पडून निवण्याने वाया जाणारी वीज. लेबलवरचे तारे हीच घट दाखवतात. तुमच्याकडे मुलं पहाटे निघतात आणि दाजी यंत्रमागावरची रात्रपाळी करून उशिरा येतात. म्हणजे गरम पाणी टाकीत बराच वेळ पडून राहणार. म्हणून 25 लिटरचा, पाच ताऱ्यांचा घे.

गॅस गिझर मात्र नको. तुझ्या बाथरूमला एवढासा झरोका आहे. गॅस जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद दाराआड माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो. सासूबाई कडी लावून सावकाश आंघोळ करतात, हे विसरू नकोस.

पाण्याचं म्हणशील तर, शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी टेमघरलाच शुद्ध होतं आणि तिथून ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंत जातं. पण सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतात का, ते विचार. मिसळत असतील तर कॉइलवर क्षार धरतील. दरवर्षी साफ करून घ्यावी लागेल.

खरेदीआधी इलेक्ट्रिशियनला बोलाव. अर्थिंग तपास, 16 अँपिअरचा पॉइंट आणि स्वतंत्र एमसीबी हवा, शिवाय करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी. गिझरवर आयएसआयचा शिक्का बघ. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड कुणाला बुजवू देऊ नकोस. टाकी भरून नळाला पाणी आल्यावरच बटण दाब, आणि आंघोळीला जाताना ते बंद करायची सवय सगळ्यांना लाव.

डिस्प्ले आणि रंगापायी जादा पैसे मोजू नकोस. ते अर्थिंगवर घाल. ओल्या हातांनी तो नळ रोज सोडणारी माझी माणसं आहेत.

तुझा,
धाकटा भाऊ