पंचनाम्यात नसलेलं गाव

मेळघाटातलं कोरकू गाव म्हणजे एक सरळ रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर तोंड करून बसलेल्या घरांच्या दोन ओळी. कुडाच्या भिंती, त्यांवर मातीचा हात फिरवलेला, पुढे ओटा. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, कुणाचं पोर तापानं फणफणलंय, हे समोरच्याला ओट्यावर बसल्या बसल्या कळायचं. शिवेवर दगडांच्या राशीत मुठवा देव. माझे वडील तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आणि माझं लहानपण त्या एका रस्त्यावर गेलं. गावाचं नाव लिहीत नाही. धारगड, केलपाणी, गुल्लरघाट, अमोना, नागरतास, बारुखेडा, सोमठाणा अशी अकोटच्या वरच्या डोंगरातली जी गावं उठली, त्यांतलंच ते एक.

आता तिथे कमरेइतकं गवत आहे.

आमच्या समोरच्या घरात एक बुढी राहायची. तिची नातवंडं माझ्याबरोबर शाळेत, म्हणून तीही माझी आजीच. चैत्रात मोह टपकायला लागला की ती उजाडायच्या आत टोपली घेऊन निघे आणि मी तिच्या मागे. रात्रभर पडलेली ती रसदार, पिवळट फुलं वेचताना बोटं चिकट होत. दिवस वर आला की ती अंगणात वाळत घालायची, आणि पुढे कितीतरी दिवस सबंध गावाला तोच एक गोड, जड वास. कोणतं झाड कुणाचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, एवढं पुरे असे.

परतीच्या वाटेवर एका जुन्या झाडाखाली मुंडे उभे होते. माणूस गेलं की काही काळानं कोरकू त्याची सिडोली करतात आणि त्याच्या नावानं लाकडाची कोरीव फळी पूर्वजांच्या रांगेत उभी करतात. आजीच्या नवऱ्याचा मुंडा रांगेत शेवटून दुसरा होता. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावरचा स्वार. घोड्याचे पुढचे पाय पावसानं झिजून पुसट झाले होते. मागचे मात्र इतके ठसठशीत, की त्यांच्या खाचांत बोट फिरवत मी उभी राहायची. आजी टोपली खाली ठेवून फळीवर तळवा टेकवायची, क्षणभर थांबायची, पुन्हा टोपली उचलायची. तिथे नवऱ्याचा मुंडा होता, सासऱ्याचा होता, आणि ज्यांची नावं तिलाही सांगता येत नव्हती अशा कितीकांचे होते. पाऊस-वाऱ्यानं ते हळूहळू मातीला मिळत होते. त्यांना कुणी हलवत नसे.

वाघाला ते कुला म्हणत. एका पावसाळ्यात त्यानं आजीचा गोऱ्हा नेला. ती दोन दिवस जेवली नाही, पण वाघाला मारण्याची भाषा त्या ओट्यांवर मी कधी ऐकली नाही. त्याचं जंगल, आपलंही जंगल, असा तो हिशेब होता.

मेळघाट व्याघ्र प्रकल्प 1974 चा, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला. 1985 मध्ये अभयारण्य झालं, 1987 मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान. माझ्या आठवणीतलं गाव या पाट्यांच्या सावलीतच वाढलं. आज बांबूला बंदी, उद्या चराईला. पक्का रस्ता मागितला की जंगलाचा नियम आडवा येई, विजेचंही तेच. पावसाळ्यात नाले भरले की आम्ही जगापासून तुटायचो. आजीची थोरली सून बाळंतपणात अडली, तेव्हा चार जणांनी तिला खाटेवर घालून चिखलातून रस्त्यापर्यंत नेलं. खाट परत आली ती रिकामी. वडील त्या दिवशी शाळेत शिकवू शकले नाहीत. पोरांना पुस्तकं उघडायला सांगून नुसते खुर्चीत बसून राहिले.

हे मी आज एवढ्यासाठी लिहिते, की पुढे जो प्रश्न गावाला विचारला गेला तो या रिकाम्या खाटेनंतर विचारला गेला. तुम्ही स्वेच्छेनं जायला तयार आहात का? ज्या गावाला रस्ता नाही, दवाखाना नाही, त्याला रस्ता-दवाखान्याच्या गावी जागा दाखवून इच्छा विचारली, तर ते काय सांगणार? पुष्कळांनी मनापासून हो म्हटलं. तरुणांनी तर आधी. त्यांचा हो मी खोटा मानत नाही. पण त्या आधीची कित्येक वर्षं त्या एका उत्तराची वाट तयार होत होती, हेही मला विसरता येत नाही.

कायद्यानं खरं तर गावाचा मान राखला होता. 2006 मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी वनहक्क कायदा आला. आधी लोकांचे हक्क ठरवा आणि नोंदवा, माणूस आणि वाघ एकत्र राहूच शकत नाहीत हे तपासा, ग्रामसभेची संमती घ्या, मगच पुनर्वसन, असा क्रम त्यात आहे. मेळघाटचा सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचा गाभा अधिसूचित झाला 27 डिसेंबर 2007 रोजी, आणि वनहक्क कायदा अमलात आला 31 डिसेंबरला. मध्ये चार दिवस. कित्येक पिढ्यांचे मुंडे ज्या जमिनीत उभे आहेत तिच्याबद्दलचा निर्णय त्या चार दिवसांच्या अलीकडे उरकला गेला, ही घाई मला आजही बोचते.

मग मोजणी आली. 2008 च्या पॅकेजनुसार एका कुटुंबामागे दहा लाख रुपये. अठरा वर्षांवरचा मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब, त्याचं लग्न झालेलं असो वा नसो. ज्या घरात एक चूल होती तिथे कागदावर तीन कुटुंबं झाली, आणि कुणाचं वय सतरा, कुणाचं अठरा यावरून सख्ख्या भावांत बोलाचाली झाली. घर मोजलं, शेत मोजलं. पण मोहाचं झाड, मुठव्याचे दगड, मुंड्यांची रांग, बायांची नदीकडे जाणारी वाट यातलं काहीच एका कुटुंबाचं नव्हतं, म्हणून ते कोणत्याच कुटुंबाच्या रकान्यात बसलं नाही. जे सगळ्यांचं होतं ते पंचनाम्यात कुणाचंच राहिलं नाही. गाव हे घरांच्या बेरजेइतकंच असतं, असं धरून तो कागद केला होता. माझ्या मते सगळी चूक तिथे आहे. बाकीच्या चुका तिच्याच पोटातल्या.

गाव खाली अकोटच्या बाजूला आलं. तिथे शाळा जवळ, बाजार जवळ, रात्री दिवा. आजीची एक नात परिचारिका झाली, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण उन्हाळ्यात नव्या घरांच्या पत्र्याखाली बसवत नव्हतं. पैसा मोटारसायकलींत गेला, लग्नांत गेला, आजारपणात गेला. आजीनं जन्मात पहिल्यांदा सरपण विकत घेतलं. मोळी खाली ठेवून ती मला म्हणाली, “पैसे देऊन लाकूड आणलं ना बाई, तर चुलीला सांगाव काय?” मी तिच्याजवळ बसून राहिले. मला उत्तर सुचलं नाही.

ज्यांना सोसवलं नाही ते परत वर गेले. 2019 च्या जानेवारीत परतलेले गावकरी आणि वन कर्मचारी यांच्यात चकमक झाली आणि दोन्हीकडची माणसं जखमी झाली. जखमी वनरक्षक काही परक्या मुलखातून आलेला नसतो. तोही अशाच एखाद्या खेड्यातल्या मास्तरांच्या हाताखाली शिकलेला असतो.

मोकळ्या झालेल्या शिवारांत गवत उगवलं, सांबर आले, गवे आले. मी ते गवत पाहिलं आहे. आमच्या शाळेच्या जागी गव्यांचा कळप चरत होता, त्यात दोन वासरं. ते पाहून मला वाईट वाटलं नाही. वाघाला जागा हवी, मोठी हवी, हे मी मानते. पण ती देण्याचा हाच एक मार्ग होता, हे मला पटत नाही. कर्नाटकात बिळिगिरी रंगनच्या डोंगरात सोलिगा लोकांना 2011 मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आतच सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथले वाघ कमी झाले नाहीत. आपल्याकडे मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर गावानं उजाड डोंगर सामूहिक हक्कात घेऊन पुन्हा हिरवा केला. हक्क मिळाल्यावर माणूस राखण करतो, हे दूर जाऊन पाहण्याची गरज नव्हती.

श्रावणात धारगडच्या महादेवाची यात्रा भरते. अकोटकडून हजारो भाविक कावडी घेऊन डोंगर चढतात, आणि त्या दिवसापुरती जंगलाची वाट त्यांना मोकळी असते. आजी शेवटी त्या गर्दीबरोबर एकदा वर गेली. गाडी आमच्या फाट्यावरून गेली, पण थांबली नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेली.

सिडोलीसाठी नातवानं सागाची फळी अकोटच्या वखारीतून आणली. कोरायला बसण्याआधी त्यानं ती उलटून पाहिली; पाठीवर वखारवाल्यानं निळ्या खडूनं लांबी-रुंदीचे आकडे लिहिले होते. ते त्यानं ओल्या फडक्यानं पुसले. चंद्र-सूर्य कोरले, घोडा कोरला. कोरणारे हात अजून शिल्लक आहेत. फळी उभी कुठे करायची, हा प्रश्न होता. नव्या वस्तीत पूर्वजांची रांग नाही, आणि आजीला एकटीला उभं करायला घरातलं कुणीच तयार नव्हतं.

म्हणून वर जाण्याच्या परवानगीसाठी आम्ही दोघांनी बसून वन खात्याला अर्ज लिहिला. अर्जदाराचं नाव, पत्ता, ओळखपत्र. कारण या रकान्यात त्यानं मला विचारून लिहिलं: मयत आजीला तिच्या माणसांत उभे करणे. खाली मी जोडलं: सोबत घरची माणसे, वाहन एक, विस्तव नाही, मुक्काम नाही. पोच मिळाली आहे. उत्तर यायचं आहे, आणि ते येईपर्यंत फळी त्याच्या घरात भिंतीला टेकवून ठेवलेली आहे.