घसारा

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढलेल्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू दोन रकान्यांत दिसू लागते. एका रकान्यात खरेदीची किंमत, दुसऱ्यात घसारा. टेबल, पंखा, लोखंडी कपाट, काहीही घ्या. घेतल्या दिवसापासून ते झिजायला लागतं, असं आम्हां कॉमर्सवाल्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. इतर शाखांच्या मुलांना हे कळायला लग्न व्हावं लागतं.

आमच्या दारात २००५ सालची मारुती ८०० उभी असते. ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे आमची गाडी घराण्यातल्या शेंडेफळांपैकी. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून ती दोन लाखांना घेतली. आयकराच्या दरानं, म्हणजे दर साल शिल्लक किमतीवर १५ टक्के घसारा धरला, तर वीस वर्षांनी तिची पुस्तकी किंमत उरते ७,७५२ रुपये. या पद्धतीची गंमत अशी, की किंमत शून्य कधीच होत नाही. शंभर वर्षांनीसुद्धा आमच्या गाडीचे पावणेदोन पैसे शिल्लक राहतील. माणसांच्या बाबतीत जग एवढं उदार नसतं.

तर या ७,७५२ रुपयांच्या ऐवजाला मध्यंतरी पुढच्या बाजूनं आवाज फुटला. साध्या रस्त्यावर मौन, आणि गतिरोधक आला की ‘टॉक’. आई नेहमी पुढेच बसते, कारण मागच्या सीटवर शिरायला तिचे गुडघे तयार नसतात. पहिले आठ दिवस तिला वाटत होतं, हा आवाज आपल्याच गुडघ्यांचा. मग एक दिवस ती घरी असताना आवाज आला आणि गाडीवरचा आरोप सिद्ध झाला.

मिस्त्रींनी गाडी पाहिली न पाहिली तोच निकाल दिला, “साहेब, सस्पेन्शन गेलंय.”

बँकेत सस्पेन्शन या शब्दानं भल्याभल्यांना घाम फुटतो. ते गेलं की लोक पेढे वाटतात. पण मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पेढ्यांची लक्षणं नव्हती.

मग तपासणी सुरू झाली. एखाद्या निष्णात डॉक्टरनं रोग्याला तपासावं तशी. आधी त्यांनी बॉनेटचा कोपरा जोर लावून खाली दाबला आणि सोडला. धड गाडी वर येते आणि गप्प राहते. आमची तीनदा मान डोलावून मग थांबली. “शॉकअप बसलेत,” मिस्त्री म्हणाले. खाली वाकून दाखवलं, तर शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ. नंतर टायरवरून हात फिरवला. आतली कड गुळगुळीत, बाहेरची शाबूत. मग पुढची बाजू जॅकवर उचलली आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली घोडी लावली. हे मला फार आवडलं. आम्हीही कर्ज देताना कर्जदाराच्या शब्दावर न थांबता जामीनदार घेतो.

चाक अधांतरी होताच मिस्त्रींनी ते घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. चाक हललं. मला म्हणाले, “आत बसा आणि ब्रेक दाबा.” ब्रेक दाबल्यावर चाक हलायचं थांबलं, तर दोष बेअरिंगचा, तरीही हललं, तर बॉलजॉइंटचा. ते हललंच. मग नऊ आणि तीनच्या जागी धरलं. तिथला खेळ टायरॉड एंडचा. शेवटी आर्मखाली पहार घालून उचकटलं, तर बॉलजॉइंट आपल्या वाटीत, सैल दातासारखा खाली-वर होत होता. रबराची टोपी फाटलेली, ग्रीस केव्हाच वाहून गेलेलं, आणि त्या जागी रस्त्याची धूळ वस्तीला आलेली.

या गाडीच्या पुढच्या चाकाची रचना मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. १९५० साली विलायतेतल्या फोर्ड कॉन्सल गाडीत ती होती, आणि पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी ती उचलली. तिच्यात एकच खांब स्प्रिंग सांभाळतो, हादरे पचवतो आणि चाकाबरोबर वळतोसुद्धा. म्हणजे रोखपाल, लेखनिक आणि चौकशीची खिडकी, सगळं एकाच पगारात. वर हा खांब, खाली तो आर्म, आणि आर्मला चाकाशी बांधून ठेवणारा लिंबाएवढा बॉलजॉइंट. तो निसटला, तर चाक बाहेर कलतं आणि गाडी जागच्या जागी नाक टेकते. “गल्लीत झालं तर नशीब,” मिस्त्री म्हणाले, “हायवेला झालं तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुढच्या डाव्या सीटवर कोण बसतं, हे त्यांना माहीत होतं.

दोन्ही आर्म, दोन्ही शॉकअप, टायरॉड एंड, वरचे माउंट, मजुरी आणि शेवटी अलाइनमेंट. कागदावर आकडा आला ९,४००.

“उजव्या बाजूचा शॉकअप जरा बरा दिसतोय,” मी म्हटलं.

“शॉकअप जोडीनंच बदलायचे, साहेब. एक नवा आणि एक जुना, म्हणजे एका पायात बूट आणि एका पायात स्लीपर.”

दुसऱ्या दिवशी बँकेत माझ्या टेबलाभोवती अर्थतज्ज्ञांची बैठक भरली. ७,७५२ च्या मालमत्तेवर ९,४०० खर्च, हे कोणत्याही शाखेत मंजूर होणार नाही, असं एकमत झालं. भंगारात घाला, म्हणाले. त्यांचं गणित बरोबर होतं. पण मी संध्याकाळी मिस्त्रींना ‘करा’ म्हणून सांगितलं.

शनिवारी मी तिथेच स्टूल टाकून बसलो. स्प्रिंग यंत्रानं आवळल्याशिवाय मिस्त्रींनी माथ्याच्या नटला हात लावला नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस उरत नाही, म्हणाले. आर्मच्या बुशांचे बोल्टही त्यांनी गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळले, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ओझं अंगावर आल्याशिवाय कुणाला आवळू नये, हे आमच्या वसुली विभागालाही सांगायला हवं.

गाडी घरी आली. आईला चक्कर मारून आणली. दोन गतिरोधक गेले, तिसरा गेला, आवाज नाही.

“किती झाले रे?” आईनं विचारलं.

मी खरा आकडा सांगितला.

“अरे, गाडीची तरी तेवढी किंमत आहे का?”

हाच प्रश्न ती गेलं वर्षभर स्वतःबद्दल विचारत होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून, झीज झाली आहे, सांधे बदलावे लागतील, असं सांगितल्यापासून तिचं एकच पालुपद. या वयात एवढा खर्च कशाला, माझं आता राहिलंय किती.

“पुस्तकात नाही,” मी म्हटलं, “पण तू हिच्यात बसतेस ना.”

आई काही बोलली नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिली. घराच्या कोपऱ्यावरचा गतिरोधक आला आणि गाडी अलगद त्याच्यावरून उतरली.

“काय रे,” ती म्हणाली, “ते डॉक्टर काय म्हणत होते? दोन्ही गुडघे एकदम करायचे, की एकेक?”