डी-थ्रीची बाटली

बाळंतिणीच्या खोलीत बाळगुटीची सहाण, तेलाची वाटी, वेखंडाची पूड अशी जुनी मंडळी आधीच मांडी ठोकून बसलेली असतात. त्यांत ही उशिरा आलेली. हॉस्पिटलच्या फायलीबरोबर घरात शिरलेली छोटीशी बाटली. अंगानं काटक, स्वभावानं गरीब. नावानं हिला कुणी हाक मारत नाही. ‘थेंब दिलेस का गं?’ एवढ्यावर हिची बोळवण.

आजीचा हिच्यावर राग नाही, पण विश्वासही नाही. ‘रोज सकाळी गॅलरीत कोवळ्या उन्हात धरते ना मी बाळाला, मग हे कशाला?’ आजीचं ऊन खरं, माया त्याहून खरी. पण ज्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते सूर्य खाली असताना फारसे पोचतच नाहीत. गॅलरीला सरकत्या काचा लावल्या असतील तर ते काचेबाहेरच राहतात. ते जोरात असतात दुपारी, आणि दुपारच्या उन्हात तान्ह्याला उघडं ठेवा असं कोण म्हणेल? त्यातून आपली सावळी कातडी. तिला तेवढंच जीवनसत्त्व बनवायला गोऱ्या कातडीहून जास्त वेळ ऊन लागतं. कोवळ्या उन्हाचा लौकिक मोठा, काम मात्र ही बाटली करते.

आईचं दूध म्हणजे अमृत, त्यात वाद नाही. पण या एका बाबतीत ते तोकडं पडतं. बाळाला पहिलं वर्षभर दिवसाला 400 आययू लागतात आणि आईच्या लिटरभर दुधात सहसा 100 सुद्धा भरत नाहीत. आईच्याच अंगात ड कमी असेल तर आणखी कमी. दोष आईचा नव्हे. तीही आपल्यासारखीच छपराखाली दिवस काढणारी.

हिचं घराणं पाहिलं तर तालेवार आहे. जुन्या काळी कॉड माशाच्या यकृताचं उग्र वासाचं तेल मुलांच्या नरड्यात ओतत. 1922 साली मॅकॉलम या अमेरिकन शास्त्रज्ञानं त्या तेलातलं अ जीवनसत्त्व नष्ट केलं, तरी ते मुडदूस बरा करतंच, हे दाखवलं. त्या दुसऱ्या गुणकारी द्रव्याला ड हे अक्षर मिळालं. आज बाटलीतलं डी-थ्री बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या स्निग्धांशापासून बनतं. माशाचा वास गेला आणि पोरांची सुटका झाली.

हिची कर्तबगारी डोळ्यांना दिसत नाही, हीच हिची अडचण. ताप उतरवणारं औषध तासाभरात शाबासकी घेऊन जातं. ही वर्षभर राबते आणि काहीच घडत नाही. टाळू भरायला उशीर होत नाही, मनगटं जाड होत नाहीत, चालायला लागल्यावर पाय धनुकलीसारखे वाकत नाहीत, कॅल्शियम घसरून झटके येत नाहीत. न घडलेल्या गोष्टींचं कौतुक कोण करणार? म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाटली संपते आणि नवी आणायची राहून जाते.

गरीब म्हटलं, तरी हिला गृहीत धरू नये. दुकानात हिच्या बहिणी आहेत. कुणाच्या एका मिलीत 400 आययू, कुणाच्या 800. पहिलीच्या ड्रॉपरची सवय झालेल्या हातानं दुसरी भरली की मात्रा दुप्पट. ड्रॉपर ज्या बाटलीचा त्याच बाटलीत राहिला पाहिजे. रबर दाबून सोडावं, रेघ डोळ्यासमोर धरावी, मध्ये बुडबुडा असेल तर पुन्हा भरावं. मग घशात न सोडता गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावं; बाळ मिटक्या मारत चाटतं. मोठ्यांसाठी आठवड्याला घ्यायची 60,000 आययूची पुडी मात्र बाळाच्या आसपाससुद्धा नको. ती एक पुडी म्हणजे तान्ह्याचा पाच महिन्यांचा शिधा. हे जीवनसत्त्व अंगात साठतं; फाजील झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर येतं.

घरात तान्हं बाळ असेल तर हे वाचून झाल्यावर बाटली हातात घ्या, एका मिलीत किती आययू लिहिलेत ते चष्मा लावून वाचा, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेशी ताडून पाहा. बाटली सापडलीच नाही, तर पुढच्या लसीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.