मालिका थांबते, इन्सुलिन थांबत नाही

मधुमेहाचा पेशंट समोर बसला की "रात्री किती वाजता जेवता?" हा प्रश्न मी हमखास विचारतो. घड्याळातली वेळ फार थोडे जण सांगतात. "सातच्या बातम्या झाल्या की", "होम मिनिस्टर संपलं की कुकर लावते, मग तासाभरात", "ती सुनेची मालिका असते ना, तिच्या आधी" अशी उत्तरं मी वर्षानुवर्षं ऐकली आहेत. विशेषतः आजी-आजोबांकडून.

ही उत्तरं मला आवडायची. मालिका रोज ठरल्या वेळी लागायची, तुमच्यासाठी थांबायची नाही. म्हणून मीही चिठ्ठीवर वेळ लिहायचो आणि तोंडी मालिकेचं नाव सांगायचो. गोळी चुकत नसे.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांना आज टीव्ही कुठून आठवला? सांगतो. मधल्या काळात तुमच्या टीव्हीखालचा डबा बदलला. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आलं, मग इतरांचेही रेकॉर्डिंगवाले सेट-टॉप बॉक्स आले. त्यांच्यात कॉम्प्युटरसारखी हार्ड डिस्क असते. चालू कार्यक्रम तिच्यावर साठत जातो आणि तुम्ही साठलेलं बघता. म्हणूनच चालू मॅच 'पॉज' करता येते, जाहिराती पुढे ढकलता येतात, आठवड्याची मालिका रविवारी एका बैठकीत बघता येते. व्हीसीआरवरही रेकॉर्डिंग व्हायचं, पण ती कॅसेट आणि ते टायमर लावणं घरातल्या एखाद्यालाच जमायचं. इथे एक बटण दाबलं की झालं. आता बहुतेक वाहिन्यांच्या मालिका मोबाईलवरही हव्या तेव्हा दिसतात, त्यामुळे घरी असा डबा नसला तरी पुढचं तुम्हालाही लागू आहे.

माझ्या एका पेशंट आजींची गोष्ट सांगतो. वय सत्तरीच्या पुढे, रोज दोन वेळा ३०/७० चं मिक्स इन्सुलिन. हे इन्सुलिन साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. आजींनी त्याची सोपी युक्ती काढली होती: मालिकेचं शीर्षकगीत लागलं की इंजेक्शन, मालिका संपली की ताट. मालिका अर्ध्या तासाची. याहून चांगला गजर मलाही सुचला नसता.

मग नातवानं नवा डबा आणला आणि आजींना रेकॉर्डिंग शिकवलं. एकदा त्या चार दिवस लेकीकडे राहून परत आल्या. संध्याकाळी नातवानं राहिलेले भाग लावून दिले. शीर्षकगीत लागलं, आजींनी सवयीनं इंजेक्शन घेतलं. पहिला भाग संपला, दुसरा सुरू झाला. जाहिराती नाहीत, म्हणजे उठायचं कारण नाही. तिसऱ्या भागात त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, आणि "ही बाई कोण?" असं त्या मालिकेतल्या नायिकेबद्दल विचारायला लागल्या. सुनेनं साखर तपासली, ती होती ५२. सुनेला काय करायचं ते माहीत होतं म्हणून आजी अर्ध्या तासात ठीक झाल्या.

नेमकं काय झालं? त्वचेखाली टोचलेलं हे इन्सुलिन साधारण अर्ध्या तासात कामाला लागतं. तोवर जेवणातली साखर रक्तात यायला लागलेली असावी हा हिशोब असतो. जेवण आलंच नाही, तर ते असलेली साखरच खाली ओढत राहतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनीही असं होऊ शकतं. गोळी घेतली आणि जेवण लांबलं, एवढं पुरतं.

साखर ७० च्या खाली गेली की ती 'कमी' समजायची. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, गोंधळलेलं बोलणं ही तिची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या आणि मग जेवू घाला. लाडू, चॉकलेट नको. त्यातल्या तुपामुळे, चरबीमुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही देऊ नका, थेट दवाखाना गाठा.

आजींनी मला विचारलं, "मग आता मालिका बंद का?" मुळीच नाही. आम्ही फक्त क्रम बदलला. आधी मोबाईलवर गजर, मग इंजेक्शन, मग जेवण, आणि हवे तितके भाग त्यानंतर. एका डब्यासाठी त्यांचं इन्सुलिन बदलण्याचं काही कारण नव्हतं. (नव्या प्रकारची काही मिक्स इन्सुलिन जेवणाच्या अगदी आधी घेता येतात. तुमचं कुठलं आहे ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, शेजारच्यांना नको.)

आता जाहिरातींबद्दल. त्यांची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. आपल्या नियमांनुसार वाहिनीला तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात, स्वतःच्या कार्यक्रमांच्या धरून. म्हणजे दोन तासांत २४ मिनिटं. तेवढ्यात कुकर बंद कर, दाराला कडी लाव, पाणी आण असं काही ना काही होतं. उठायची ती बहुधा घरातली बाई, हे वेगळं. पुरुषमंडळी तेव्हाही बसूनच असायची. पण जी उठायची तिच्या पायांना, साखरेला त्याचा उपयोग होता. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या लोकांना त्यांनी काही तास बसवून ठेवलं, आणि दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालायला लावलं. सलग बसलेल्या दिवसापेक्षा त्या दिवशी खाण्यानंतरची साखर कमी चढली. चालणंही काही धावपळीचं नव्हतं, अगदी सावकाश चाललं तरी फरक दिसला.

वीस-बावीस मिनिटं म्हणजे जाहिराती वगळलेला एक भाग. तेव्हा माझं सांगणं एवढंच: भाग संपला की पुढचा लावण्याआधी घरात एक फेरी मारा. संध्याकाळी पाय सुजतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना तर मी हे आवर्जून सांगतो. मात्र सूज एकाच पायावर असेल, पोटरी दुखत असेल, तर फेऱ्या मारत बसू नका, दाखवायला या.

या डब्यावर माझा राग आहे असं समजू नका. प्रोस्टेटचा त्रास असलेले, लघवीच्या गोळ्या घेणारे कितीतरी आजोबा 'ओव्हर संपू दे' म्हणत लघवी अडवून बसायचे. त्यांच्यासाठी पॉजचं बटण वरदानच आहे. रात्री एक वाजता संपणारी मॅच सकाळी चहाबरोबर बघता येते, झोप मोडत नाही. माझे एक अँजिओप्लास्टी झालेले पेशंट भारत-पाकिस्तान मॅच रेकॉर्ड करतात, आधी निकाल ऐकतात आणि भारत जिंकला असेल तरच बघतात! मी हे कुणाला लिहून देत नाही, पण हसण्यावारीही नेत नाही. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीची मॅच असे त्या दिवशी म्युनिक भागात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीचपटीहून जास्त झाल्या होत्या.

आणि मॅच बघताना छातीत दडपण आलं, दुखणं जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे गेलं, घाम फुटला, तर "शेवटच्या पाच ओव्हर राहिल्यात" हे कारण आता चालणार नाही. हृदयाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिनीमागचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत खाली बसून राहा. स्वतः गाडी चालवत निघू नका. मॅच रेकॉर्डिंगला लावायची असेल तर ते काम नातवाला सांगा.