अण्णांची तेरीज

अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्याला कायम हळदीचा वास यायचा. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात ते दिवाणजी होते. दिवसभराचे सौदे उरकले, गाड्या भरून गेल्या, की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. गादीवर मांडी घालून बसायचं, उतरत्या मेजावर लाल कापडी बांधणीची लांबट वही उघडायची आणि रोजकीर्द लिहायची. ज्या क्रमानं पैसा आला-गेला त्याच क्रमानं नोंद. हमालांना दिलेले पैसे, तोलाई, बारदान, सुतळी, ट्रकभाडं, पाहुण्यांचा चहा, सगळं एकाखाली एक. पेटीतली रोकड वहीतल्या शिल्लकेशी जुळल्याशिवाय दुकानाला कुलूप लागत नसे.

पण नुसत्या रोजकीर्दीवरून हमालीवर महिन्यात किती गेले ते कळत नाही. त्यासाठी खतावणी. रोजकीर्दीतली एकेक नोंद उचलायची, खतावणीत त्या खात्याचं पान काढायचं, तिथे तारीख आणि रक्कम लिहायची आणि रोजकीर्दीत त्या नोंदीशेजारी खातेपानाचा आकडा टाकायचा. तो आकडा नसेल तर नोंद खतवायची राहिली, हे पाहताक्षणी समजे. महिना संपला की प्रत्येक खात्याची बेरीज, आणि त्या सगळ्या बेरजा एका कागदावर उतरवून काढलेली तेरीज. मालकाला हवा असायचा तो हा एक कागद. त्याच्यामागे अण्णांच्या दोन संध्याकाळी गेलेल्या असत.

अण्णांची पिढी बेरजेत तयार होती, कारण ती आणे-पैत शिकली होती. बारा पैचा एक आणा, सोळा आण्यांचा एक रुपया. पैची बेरीज बारांनी फोडून आणे हातचे घ्यायचे, आण्यांची सोळांनी फोडून रुपये हातचे घ्यायचे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, शंभर पैशांचा रुपया झाला, आणि एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होऊ लागले. जुने हिशेब नव्या पैशांत बसवताना किती रात्री गेल्या, ते अण्णा अनेकदा सांगत.

मी सातवी-आठवीत असताना तेरीज जुळेनाशी झाली की अण्णा वह्या घरी आणत. मी रोजकीर्दीतला आकडा वाचायची, ते खतावणीतल्या आकड्यावर बोट ठेवून "बरोबर" म्हणायचे आणि पेन्सिलीनं बारीक खूण करायचे. एकदा खर्चाच्या खात्यांची एकूण बेरीज रोजकीर्दीपेक्षा २७ रुपयांनी कमी भरली. अण्णांनी वही मिटली आणि म्हणाले, "नवानं भाग जातोय. आकडे उलटेपालटे झालेत. दोन अंकी रकमाच बघ, ज्यांच्या अंकांत तीनचा फरक आहे त्या." पाच मिनिटांत सापडलं. हमालीचे ६३ रुपये खतावणीत ३६ म्हणून चढले होते. अण्णांनी खाडाखोड केली नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली, वर योग्य आकडा लिहिला आणि शेजारी सही केली. ६३ मधून ३६ गेले की २७ उरतात आणि कोणतेही दोन अंक जागा बदलले की फरक नवाच्या पटीतच येतो, हे मी शाळेत नाही, त्या रात्री शिकले.

तिकडे अमेरिकेत हार्वर्डला शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला अशाच त्रासातून एक कल्पना सुचली. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत होते. एक आकडा चुकला की त्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली ॲपल टू या संगणकासाठी व्हिसिकॅल्क आणलं. एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतात. पुढे १९८३ ला लोटस १-२-३ आलं, १९८५ ला एक्सेल. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या ऑफिसात लोटस होतं. अण्णा निवृत्त झाल्यावर मी त्यांना एकदा पडद्यावर बेरीज करून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि एकच प्रश्न विचारला, "चूक झाली तर कुठे झाली ते सांगतं का हे?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला गेल्या वर्षी मिळालं. मी एका बचत गटाच्या बायकांना एक्सेल शिकवते. त्या पापड आणि मसाले करतात, हिशेब आजवर शाळेच्या वहीत होता. पहिल्या दिवशी चार रकाने केले: तारीख, तपशील, खाते, रक्कम. एका ओळीत एकच नोंद, मध्ये रिकामी ओळ नाही. ही झाली रोजकीर्द. मग सगळी यादी 'खाते' या रकान्यानं सॉर्ट करायची, म्हणजे एका खात्याच्या नोंदी एकाखाली एक येतात. ही पायरी गाळून चालत नाही, कारण रकान्यातलं नाव जिथे बदलतं तिथे एक्सेल बेरजेची ओळ घालतं. यादी विस्कटलेली असेल तर एकाच खात्याच्या दहा बेरजा दहा ठिकाणी पडतात. त्यानंतर डेटा मेनूतलं सबटोटल. कोणत्या रकान्यातलं नाव बदलल्यावर बेरीज करायची, तर खाते. काय करायचं, तर बेरीज. कशाची, तर रक्कम. ओके दाबलं आणि डावीकडे १, २, ३ अशी बटणं आली. त्यातलं २ दाबल्याबरोबर सगळ्या नोंदी मिटल्या आणि फक्त खात्यांच्या बेरजा उरल्या. मला भरून आलं. अण्णांची तेरीज होती ती, दोन संध्याकाळींची, एका बटणावर.

पण तिच्यात मजुरी दोनदा आली होती. एका ओळीत ४२०० रुपये, दुसरीत १३५०. नोंदी दोघींनी केल्या होत्या. एकीनं 'मजुरी' लिहिलं होतं, दुसरीनं 'मजूरी'. माणसाला दोन्ही एकच वाटतात, एक्सेलला ती दोन वेगळी खाती. समइफ (SUMIF) या सूत्रानं फक्त 'मजुरी'ची बेरीज मागितली असती तर ४२०० आले असते, आणि १३५० रुपये गेले कुठे ते कुणालाच कळलं नसतं. एका बाईनं तर रकमेच्या जागी '४५० रुपये' असं शब्दासकट लिहिलं होतं. एक्सेलनं तो मजकूर धरला आणि बेरजेतून गाळला, एक शब्दही न बोलता. आकडा उजवीकडे सरकलेला असतो आणि मजकूर डावीकडे, एवढीच काय ती खूण.

तर अण्णा, नाही सांगत. बेरीज कधी चुकत नाही, पण कुठली नोंद कुठल्या खात्यात जायची ते अजून माणसालाच ठरवावं लागतं. तुमच्या हाताखालून दर नोंद दोनदा जायची, एकदा लिहिताना आणि एकदा खतवताना. दुसऱ्या खेपेला तुम्ही थांबायचात, विचार करायचात. ती दुसरी खेप आता राहिली नाही. बेरजेचे कष्ट गेले याचा मला मनापासून आनंद आहे. त्या बायकांच्या दोन संध्याकाळी वाचल्या. पण ते थांबणं गेलं, त्याची चुटपुट लागून राहते.

म्हणून नव्यानं हिशेबाची शीट उघडणाऱ्यांना माझं सांगणं आहे: पहिली नोंद करण्याआधी खात्यांची नावं कागदावर लिहून काढा, आणि महिनाअखेरीस सबटोटलची एकूण बेरीज हातातल्या पावत्यांशी ताडून पाहा. आमच्या गटानं तसंच केलं. सात खाती ठरली, आता ती नावं टाइप करायची नसतात, यादीतून निवडायची असतात. तीच यादी पापड वाळवायच्या खोलीत भिंतीवर मार्करनं लिहून लावली आहे. तिच्यात तिसऱ्या ओळीवर 'मजुरी' आहे, आणि तिच्या जु खाली लाल रेघ मारलेली आहे.