बंब पाणी तापवीना

गेल्या पावसाळ्यात आमच्या निवासातील तांब्याचा बंब पाणी तापवीनासा झाला. ओली लाकडे आणल्याबद्दल मी वृद्ध मामांना रागे भरलो. ते धुराने लाल झालेले डोळे पुशीत उगे राहिले.

दुसऱ्या दिवशी निवालेल्या बंबाच्या मधल्या नळकांड्यात मी स्वतः काठी फिरविली, तो पसाभर काजळी खाली आली! जाळीखाली राख साचून वाराही कोंडला होता. मग जाळ कसा धरावा? बंद न्हाणीघरात असला धूर जिवावरही बेततो. सारे साफ केले, बंब पाण्याने भरला (रिकामा पेटविल्यास झाळ सुटते) आणि त्याच लाकडांवर पाणी कढत झाले.

पहिली बादली मी मामांकडे नेली.

"आधी आपण, फादर."

"नाही मामा, आज तुम्ही."