परळ ते चौपाटी : पुन्हा पहिले पाऊल

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर सकाळी उभे राहिले, की रुग्णालयांकडे जाणाऱ्या गर्दीत काही माणसे प्रत्येक पाऊल तोलून टाकताना दिसतात. येथील के. ई. एम. रुग्णालय 1926 सालचे. पोलिओच्या साथीनंतर 1953 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार आणि मुंबई महापालिका यांच्या सहकार्याने देशातील पहिली फिजिओथेरपीची शाळा येथेच सुरू झाली. पडलेल्या पायांना पुन्हा चालायला शिकवण्याची विद्या या देशात परळमधून रुजली. म्हणून दुखापतीनंतर पुन्हा धावू पाहणाऱ्या मुंबईकराची वाटचाल येथून सुरू व्हावी, हे उचितच आहे.

दिवसभर पेढीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याला पहाटेचा तास म्हणजे स्वतःची अशी एकमेव मिळकत असते. गुडघा दुखावला, की ती मिळकत जाते आणि तिच्याबरोबर पहाटेचे सोबतीही जातात. काही महिन्यांनी डॉक्टर परवानगी देतात, तेव्हा मन थेट जुन्या टोळीत, जुन्या वेगाने सामील व्हायला धावते. खरा धोका तिथेच असतो. हृदय आणि फुप्फुसे लवकर सावरतात. स्नायुबंध व कंडरा सावकाश सावरतात. दम साथ देतो म्हणून माणूस पाय लांब टाकतो आणि भरत आलेली इजा पुन्हा उघडते. दुसऱ्यांदा बसावे लागले, तर अनेकांचे धावणे कायमचेच सुटते.

यासाठी पहिली वाट दादरच्या शिवाजी पार्कची असावी. महापालिकेने 1925 मध्ये खुल्या केलेल्या या मैदानाला नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने 1927 मध्ये आजचे नाव मिळाले. मैदानाभोवतीचा कट्टा सुमारे सव्वा किलोमीटरचा आहे. सरळ रस्त्यावर तीन किलोमीटर दूर गेलेल्याला दुखत असले तरी तेवढेच परत यावे लागते. कट्ट्याभोवती मात्र कुठेही थांबता येते, बसता येते. अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केलेली पद्धत येथे सोयीची पडते : एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय सांगतो ते पाहूनच पुढचे पाऊल ठरवणे.

नवे सोबतीही येथेच भेटतात. रोजच्या फेऱ्या न चुकवणारे निवृत्त गृहस्थ, गुडघ्याला पट्टा बांधून चालणाऱ्या आजी, पहिल्यांदाच बूट घातलेली सून. कालपर्यंत ज्यांना ओलांडून जायचे, त्यांच्या बरोबरीने चालताना आरंभी मान खाली जाते. पण त्यांच्या चालीत घाई नसते आणि बरे होणाऱ्या पायाला नेमकी तीच संगत हवी असते.

कट्टा सवयीचा झाला, की दादर पारशी कॉलनीतील पाच उद्यानांकडे वळावे. मंचेरजी जोशी यांच्या नियोजनातून उभ्या राहिलेल्या या वसाहतीत जुन्या झाडांची दाट सावली आहे. चौविहार आणि नवकारशी पाळणाऱ्यांच्या पोटात रात्रीपासून पाणी नसते. त्यांनी अंतर त्या हिशेबाने लहान ठेवावे आणि ऊन चढण्याआधी थांबावे. सावलीच्या वाटेचे मोल त्यांना अधिक कळेल.

दादरहून गिरगावकडे येताना लालबाग लागते. हा पट्टा धावण्याचा नव्हे, चालण्याचा. वर उड्डाणपूल, खाली मसाल्यांचा आणि चिवड्याचा दरवळ, पदपथावर हारे आणि हातगाड्या. गिरण्यांच्या भोंग्यावर इथला दिवस ठरत असे. 1982 च्या संपानंतर ते भोंगे हळूहळू थांबले. या गर्दीत पाऊल जपून टाकणे हाही पायाचा व्यायामच आहे.

मग यावी गिरगाव चौपाटी. तेथून नरिमन पॉइंटपर्यंत मरीन ड्राइव्हचा सुमारे साडेतीन किलोमीटरांचा सपाट पदपथ उघडतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी वांद्र्याहून एन. सी. पी. ए. पर्यंत धावत येणारे गट येथे दिसतात. त्यांत जुने सोबतीही असू शकतात. ते पुढे निघून जातील. हात उंचावून त्यांना जाऊ द्यावे आणि आपली चाल मोडू नये. परतणाऱ्याची खरी परीक्षा हीच.

पेडर रोडचा चढ सर्वांत शेवटी. 2004 पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतराचे धावपटू परतीच्या वाटेवर, थकलेल्या पायांनी तो चढतात. पुनरागमनाच्या पहिल्या वर्षी त्या चढाचा हट्ट नसावा. त्याच दिवशी सुमारे सहा किलोमीटरांची ड्रीम रन असते. तीत घरची लहानमोठी सगळी माणसे बरोबर येऊ शकतात.

दिवाळीला नवी वही उघडताना व्यापारी जुन्या वर्षीच्या नफ्याचा आकडा पहिल्या पानावर मिरवत नाही. धावणाऱ्यानेही जुन्या वेळेचा आकडा मागच्या वहीत ठेवावा आणि नव्या पानावर पहिली नोंद करावी : शिवाजी पार्क, एक फेरी, दुखले नाही.